काळी चार, पांढरी पाच

आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो, की मी आधी तानपुऱ्यांची गवसणी सोडतो. बाकीचे भजी सांगतात, तबलजी गाडीभोवती दोन फेऱ्या मारून पाय मोकळे करतात, आणि मी मागच्या सीटवर वाकून खुंट्या चाचपत असतो. आमचे ड्रायव्हर एकदा म्हणाले होते, "पोराला ताप हाय का बघताय जणू." प्रवासात तारा थोड्या उतरवलेल्याच असतात, तेव्हा सूर बघायचा प्रश्न नसतो. बघायच्या त्या खुंट्या. मिरजेच्या कोरड्या हवेत त्या सुटतात, खडू लावून बसवाव्या लागतात. कोकणात त्याच खुंट्या पाणी पिऊन फुगतात आणि अशा अडकतात, की जोर लावला तर तार तुटेल अशी भीती वाटते. घाटाच्या वर एक दुखणं, घाटाखाली दुसरं. साखरप्यात त्यावर करण्यासारखं काही नसतं. तरी बघितल्याशिवाय माझा चहा उतरत नाही.

मी तानपुऱ्यावर बसतो. एखाद्या लग्नात हे कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे गाता?" गातो, पण आमच्या गायिका ताईंच्या मागे बसून, त्या श्वास घेतील तेवढ्यापुरतं. "मग वाजवता?" वाजवतो, पण लोकांनी ते ऐकलं तर काहीतरी चुकलंय असं समजायचं. इथं आल्यावर पाहुणे ताटाकडं वळतात. दौऱ्यावर याशिवायही बरंच माझ्याकडं असतं. कोमट पाण्याचा थर्मास, ताईंचा जवळचा चष्मा, खडीसाखर, मानधनाचं पाकीट मोजून घेणं, आणि मुख्य म्हणजे कार्यक्रमाच्या आधी तासभर त्यांच्याशी कुणाला बोलू न देणं. शेवटचं काम सगळ्यांत अवघड. कोकणात तर फारच, कारण तिथं प्रत्येकाच्या आजोबांनी संगीत नाटकात काम केलेलं असतं आणि ते ताईंना आजच सांगायचं असतं.

माझं घर मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तिथं एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं घडवायला घेतली, आणि आजही ते काम त्यांच्याच घरांत चालतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. मी लहानपणी शाळेतून येताना त्या दुकानांच्या दारात उभा राहायचो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे आढ्याला टांगलेले असायचे. खाली एक म्हातारे चाचा घोडीशी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीशी, कान नेऊन कानशीनं एकदा घासायचे, तार छेडायचे, परत एकदा घासायचे. तार घुमावी म्हणून करतात ते; जवारी काढणं म्हणतात त्याला. एका घोडीवर अर्धा दिवस जायचा. मला वाटायचं, यांना काम उरकत नाही.

ताईंकडं मी चौदा वर्षांपूर्वी आलो तो शिकायला. शिकण्याचं जे व्हायचं ते झालं; गवई होण्याइतका गळा नाही हे त्यांना तीन महिन्यांत आणि मला चार वर्षांत कळलं. पण माझा कान त्यांना पटला. तेव्हापासून माझ्याकडं एक वही आहे. कार्यक्रम झाला की रात्री तारीख, गाव, राग, हवा आणि सूर एवढं लिहायचं. आता तिसरी वही चालू आहे. सुरुवातीला ही वही मी हवेसाठी ठेवली होती. कुठल्या गावात कुठल्या महिन्यात तारा किती हलतात ते कळावं म्हणून. तिचा उपयोग पुढं भलताच झाला.

या जानेवारीत पाच दिवसांत तीन कार्यक्रम होते. रत्नागिरी, मग देवगड तालुक्यातलं एक गाव, आणि शेवटी सावंतवाडी. रत्नागिरीचा कार्यक्रम बंद सभागृहात होता आणि छान झाला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी थिबा राजवाडा बघून आलो. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पकडून इकडं आणलं, हा वाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ साली तो इथंच वारला. ताई तिथं बराच वेळ खाडीकडं बघत उभ्या होत्या. परत येताना गाडीत एवढंच म्हणाल्या, "तीस वर्षं तिकडं काय ऐकत असेल रे तो?" आमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं नाही. तबलजींनी माशांचा विषय काढला.

देवगडकडचा कार्यक्रम उघड्यावर होता. शाळेचं मैदान, तिन्ही बाजूंनी कलमांच्या बागा, चौथ्या बाजूला उतार आणि खाली समुद्र. स्टेजची पाठ समुद्राकडं. आम्ही चार वाजता पोचलो तेव्हा खारा वारा असा येत होता, की मागचा पडदा शिडासारखा फुगलेला. साउंडवाला विशीतला पोरगा. दशावताराला, डबलबारीच्या भजनांना साउंड देऊन तयार झालेला, त्यामुळं पेटी आणि पखवाज यांबाबत त्याला काही सांगावं लागलं नाही. तानपुरा मात्र त्यानं जवळून पहिल्यांदाच बघितला असावा. माइक त्यानं वर खुंट्यांपाशी लावला. मी तो खाली घोडीसमोर आणून लावला आणि तार छेडली, तसा तो चमकून म्हणाला, "आवाज हयसून येता होय!" मग स्वतःच दोन-तीन जागा बदलून, कान देऊन, मी सांगितली होती त्याहून चांगली जागा त्यानं शोधली. नंतर हळूच विचारलं, "दादा, मोबाइलार तानपुरो असता मा? तो लावला तर इतक्या कटकटीचा काम नाय." प्रामाणिक प्रश्न होता. मीही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितलं, की माझ्या मोबाइलमध्ये तो आहे, घरी रियाजाला मी तोच लावतो, पण ताईंना चालत नाही. माझी नोकरी त्यावरच टिकून आहे हे सांगितलं नाही.

आमची उतरायची सोय एका बागायतदार काकांकडं होती. ओटीवर पाय ठेवताक्षणी "इलास? बसा. आधी ताईंका पाणी देवा," असं घरात ओरडून त्यांनी बाहेर आकाशाकडं बघितलं. मला वाटलं, कार्यक्रमाची काळजी. पण त्यांचं लक्ष मोहोराकडं होतं. जानेवारीत हापूसची झाडं मोहोरानं लगडलेली असतात, तो तुरट-गोड वास अंगणभर असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत ढग आले किंवा रात्री दव पडलं की मोहोरावर भुरी धरते. "काल राती दव पडला. आजय पडतला," काका म्हणाले. आमचे तबलजी लगेच सरसावून बसले. "किती वाजता पडतं साधारण?" काकांनी त्यांच्याकडं नव्यानं बघितलं. "तुमची खय बाग आसा?"

त्या दोघांचं पुढं अर्धा तास जे बोलणं झालं ते मी कधी विसरणार नाही. एक माणूस मोहोराबद्दल बोलत होता, दुसरा पुडीबद्दल, आणि दोघांचा शत्रू एकच. तबल्याची पुडी म्हणजे बकऱ्याचं कातडं. दमट हवेत ते पाणी ओढतं, सैल पडतं, सूर उतरतो. तारांचं उलट. रात्री गारवा वाढला की पोलादाची तार आखडते, ताण वाढतो, सूर चढतो. म्हणजे संध्याकाळी सहाला एका सुरात मिळवून ठेवलेले तबला आणि तानपुरा रात्री नऊला विरुद्ध दिशांना निघालेले असतात. पेटीच्या आतल्या, आवाज देणाऱ्या पट्ट्या पितळी. त्या जागच्या फारशा हलत नाहीत, त्यामुळं पेटीवाले काका अशा वेळी न्यायाधीशासारखे मध्ये बसून दोघांकडं आळीपाळीनं बघतात. पूर्वी हा प्रश्न इतका बोचत नसे. स्टेजवर हजार-हजार वॅटचे पार लाइट असायचे, त्यांच्या उष्णतेनं गवयाचा घाम निघायचा, पण कातडं कोरडं राहायचं. कधीकधी तबला उलट चढायचा. आता सगळीकडं एलईडी. उजेड भरपूर, पण ऊब नाही. वीज वाचते म्हणून आयोजक खूष असतात, आणि तबलजी शालीत तबला गुंडाळून बसतात.

कार्यक्रम साडेसहाचा होता. सात वाजता दीपप्रज्वलन, मग सत्कार. शाल, श्रीफळ, आंब्याचं कलम. सत्कारांची यादी मी विंगेतून वाचली होती, त्यात चौदा नावं होती आणि त्यांतल्या नऊ जणांना दोन शब्द बोलायचे होते. मी कुणाला दोष देत नाही. गावानं वर्षभर वर्गणी काढून असं काही उभं करायचं तर माणसं सांभाळावी लागतात. पण घड्याळ कुणाची शाल बघत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. ती आपल्या दिवसाला मिळेलच असं नाही, तशी इथं मिळाली नव्हती. नियम चांगलाच आहे, डीजेच्या भिंतीसमोर ज्यांचं घर आहे त्यांना विचारावं. त्यात आमची रात्र गेली, एवढंच. भीमसेनजींनी १९५३ साली सुरू केलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी पहाटेपर्यंत चालायचा. आता तिथंही सगळं घड्याळावर. मध्यरात्रीचे राग खुल्या मैदानात त्यांच्या वेळेला कधीच येत नाहीत; दरबारी, मालकंस जेवणाच्या आधी उरकावे लागतात.

आम्ही स्टेजवर बसलो तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. यमन गायचं ठरलं होतं, त्याची वेळ टळत आली म्हणून ताईंनी विंगेतच बागेश्री सांगितला. खारा वारा पडला होता. जमिनीकडून मतलई सुटायच्या आधी जी एक स्तब्ध घडी असते ती चालू होती. पेटीच्या वरच्या फळीवर हात ठेवला तर तळवा ओला झाला.

तानपुरे मी काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, मिळवले होते. तबलजींनी एक थाप मारली आणि आम्ही चौघांनी एकमेकांकडं बघितलं. तबला जवळजवळ अर्धा सूर उतरलेला. त्यांनी हातोडी घेतली, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, गोल ठोके दिले. थोडा चढला. बाजूचे लाकडी गट्टे खाली ठोकले. आणखी थोडा. माइक चालू होता, त्यामुळं ती ठोकाठोक मैदानभर ऐकू जात होती. पहिल्या रांगेतलं एक पोर हसलं. दुसरा तबला शालीतून काढला, तर तो पहिल्याच्याही खाली. स्टेजच्या बाजूला गावातले एक वयस्कर पखवाजी बसले होते, भजनात आयुष्य गेलेले. पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमाला, ओली कणीक लावतात. आवाज खाली आणायला आणि भरीव करायला. आमची तारांबळ बघून ते गालातल्या गालात म्हणाले, "आमका कणीक मळूची लागता. तुमका दव फुकट गावला."

ताईंना हसू आलं. मग त्यांनी माइकवर तळहात ठेवला, मान किंचित मागं वळवली आणि मला म्हणाल्या, "पांढरी पाच कर." म्हणजे अर्धा सूर खाली.

"ताई, पाच मिनिटांत चढेल तबला..."

"दहाला बंद करायचंय. तो खाली आलाय, तर आपण जाऊ त्याच्याकडं. कर."

मी एका तानपुऱ्याला हात घातला, मागं बसलेल्या ताईंच्या भाचीनं दुसऱ्याला. चार तारा, दोन तानपुरे, फुगलेल्या खुंट्या. मध्यम, जोडीचे दोन षड्ज, खर्ज. खाली आणलेली तार लगेच स्थिर राहत नाही, ती परत परत बघावी लागते. मग बारीक सूर जुळवायचे मणी सरकवायचे, मग घोडीवर तारेखाली असतो त्या जवारीच्या दोऱ्याची जागा नव्यानं शोधायची, कारण ताण बदलला की दोऱ्याची जागा बदलते. या सगळ्याला सहा मिनिटं लागली. तबला चढवायला तीन लागली असती. हा हिशेब त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही.

आता वहीचं सांगतो. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, काळी पाच. म्हणजे सेकंदाला सुमारे २३३ कंपनं. सातव्या वर्षी ताईंना घशाचा मोठा संसर्ग झाला, त्यानंतरच्या कार्यक्रमात त्यांनी पांढरी सहा घेतली, "एवढ्या खेपेपुरती." २२०. ती खेप संपली नाही. तीन वर्षांनी सोलापुरात एकदा, पेटीवाले नवीन होते आणि त्यांनी चुकून काळी चारवर बोट ठेवलं, तर ताईंनी त्यांना दुरुस्त केलं नाही. तिथूनच गायल्या. २०८. वहीत त्या पानावर मी प्रश्नचिन्ह काढलंय. पुढच्या पानांवर नाही. वय वाढलं की बायकांचा आवाज खाली येतो, पुरुषांचा म्हातारपणी उलट थोडा चढतो, हे कुठल्याही डॉक्टरला माहीत आहे आणि गाणाऱ्या प्रत्येक बाईला त्याहून आधी माहीत असतं. पण ते तोंडानं कुणी म्हणत नाही. प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त घडतं. घसा, नवे पेटीवाले. आणि दर वेळी तार सैल करणारा हात माझा असतो.

गेलं वर्षभर मी बघत होतो. तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा-च्या, वर त्या जात नव्हत्या. जात नव्हत्या म्हणजे तिथवर यायच्या आणि सुंदर वळण घेऊन परत फिरायच्या, ऐकणाऱ्याला वाटावं की तिथंच वळायचं होतं. समीक्षकांनी त्याला संयम म्हटलं. मला मागून त्यांचा खांदा दिसतो. वळायच्या आधी तो खांदा किंचित वर उचलला जायचा.

त्या रात्री बागेश्रीत पहिला मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवत लागला आणि मी तानपुरा छेडताना एक ठोका चुकलो. आवाज बसला होता. गाण्यात बसणं म्हणजे एखादी वस्तू तिच्या कोनाड्यात जाऊन बसते तसं. विलंबित एकताल, पंचेचाळीस मिनिटं. वीसाव्या मिनिटाला त्या तार षड्जाला आल्या आणि मी त्यांच्या खांद्याकडं बघितलं. खांदा हलला नाही. त्या वर गेल्या, तार गंधार घेतला, तिथं थांबल्या, घाई न करता खाली आल्या. तबलजी ठेका धरता धरता हसत होते. आता मतलई सुटला होता, जमिनीवरून समुद्राकडं, आणि मोहोराचा वास सरळ स्टेजवर येत होता. तबला आणखी पाव सूर उतरला, त्यांनी एका ठोक्यात तो सावरला, कुणाला कळलंही नाही.

मग चिठ्ठ्या यायला लागल्या. कोकणात मैफल आणि नाट्यगीत नाही असं होत नाही. ताईंनी एक म्हटलं, एक अभंग म्हटला, त्यात ते पखवाजी वर येऊन बसले आणि त्यांच्या कणकेच्या धुमानं सगळ्या मैदानाला डोलवलं. भैरवी संपली तेव्हा नऊ अठ्ठावन्न झाले होते. साउंडवाल्या पोरानं दहाच्या ठोक्याला फेडर खाली केला आणि धावत येऊन ताईंच्या पाया पडला.

काकांकडं जेवायला साडेअकरा झाले. उकड्या तांदळाची पेज, काळ्या वाटाण्यांचं सांबारं. तबलजींसाठी वेगळं बांगड्याचं तिखलं. सोलकढीची वाटी ताईंनी माझ्याकडं सरकवली, त्या गाण्याच्या दिवसांत आंबट घेत नाहीत. काका ओसरीवर उभं राहून कुणाला तरी फोनवर सकाळच्या फवारणीचं सांगत होते. आत आले आणि म्हणाले, "ताईनू, आज आवाज काय लागलो! मी गेल्या वर्सा कुडाळाक पण आयकललंय तुमका. आजची गजाल येगळी." ताई म्हणाल्या, "दव पडलं ना, तबला उतरला. म्हणून आम्हीही उतरलो." काका मोठ्यानं हसले. "मगे आमच्या मोहोराचा नुकसान फुकट गेला नाय."

मी वही उघडून बसलो. तारीख, गाव, बागेश्री. हवा: दव. सुराच्या रकान्याशी आलो तेव्हा तो सहा आणि तीन मिनिटांचा हिशेब डोक्यात आला. मी ताईंकडं बघितलं. त्या काकांच्या नातवाला पेजेत तूप कसं कालवायचं ते दाखवत होत्या.

दोन दिवसांनी सावंतवाडी. बंद सभागृह, वर पंखे, कोरडी हवा. तबलजींनी दुपारीच तबला मिळवून ठेवला होता, काळी चारला, ठणठणीत. मी तानपुरे गवसणीतून काढले, खुंट्यांना हात लावला. ताई समोरच्या खुर्चीवर खडीसाखर चघळत बसल्या होत्या. दर वेळी विचारतो तसंच विचारलं.

"काळी चार ना, ताई?"

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"परवा होती तीच."

तबलजींनी माझ्याकडं बघितलं, मी पेटीवाल्या काकांकडं. कुणी काही बोललं नाही. तबलजींनी पिशवीतून हातोडी काढली आणि गजऱ्याला खालच्या अंगानं हलके ठोके द्यायला सुरुवात केली. मी पंचमाची खुंटी धरली आणि तार सैल केली.